लाल पेन आणि आठ बाय बाराचा फोटो

मी ३३ वर्षं हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं आणि ३३ वर्षं लाल पेन वापरलं. पेपर तपासून तपासून नजरेला एक खोड लागते. कागद समोर आला की आधी चूक दिसते. घरी लग्नपत्रिका आली तर मी ‘आशिर्वाद’मधला ऱ्हस्व ‘शि’ आधी शोधते आणि मग लग्न कुणाचं आहे ते बघते. २०१७ साली निवृत्त झाले तेव्हा पेन कपाटात ठेवून दिलं, पण खोड कुठं ठेवणार? ती बरोबर घेऊनच मी आमच्या फोटोच्या मंडळात दाखल झाले.

मंडळ म्हटलं तर फार मोठं वाटेल. साताऱ्यातली आम्ही आठ-नऊ हौशी माणसं. नोंदणी नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष-चिटणीस तर नाहीतच. एक डॉक्टर, घड्याळं दुरुस्त करणारे एक मामा, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, स्टेशनरीचं दुकान चालवणारं एक जोडपं, इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा, नोकरीवाल्यांना जेवणाचे डबे करून देणाऱ्या एक वहिनी आणि मी. नावं मुद्दामच लिहीत नाही. सातारा ते केवढं! सकाळी पोवई नाक्यावर शिंकलं तर दुपारी राजवाड्यावर कुणीतरी ‘काढा घ्या’ म्हणून सांगतं.

खेळ साधा आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चारला डॉक्टरांच्या दवाखान्यात जमायचं. एरवी पेशंट जिथं टोकन धरून बसतात त्या बाकांवर आम्ही बसतो. चिठ्ठी काढून विषय ठरतो. हात, पाणी, लाल, तिन्हीसांज, असं काहीतरी. त्या एका महिन्यात काढलेला एकच फोटो आठ बाय बारा इंचांत छापून आणायचा, मागं नाव घालायचं नाही. लसीकरणाच्या तक्त्यासमोर दोरी बांधून कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी फोटो टांगायचे आणि एकेकावर बोलायचं. ज्याचा फोटो असेल त्यानं तोंड उघडायचं नाही, हा मुख्य नियम. फोटोनं स्वतःचं स्वतः बोलावं, मालकानं वकिली करू नये, असा त्यामागचा विचार. (नाव लपवण्याचा उपयोग तिसऱ्या महिन्यापर्यंतच झाला. मालक कोण ते कान लाल झाल्यावर कळतंच.) बक्षीस नाही. ज्याचा फोटो सर्वांना आवडेल त्यानं पुढच्या वेळी कंदी पेढे आणायचे. म्हणजे जिंकणाऱ्यालाच भुर्दंड.

अशी मंडळी एकत्र जमून एकमेकांचे फोटो बघतात ही काही नवी गोष्ट नाही. १८३९ साली पॅरिसमध्ये फोटोग्राफीचा शोध जाहीर झाला आणि १८५४ साली मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ उभी राहिली. पंधरा वर्षांत! आगगाडी मुंबईहून ठाण्याला गेली त्याच्या पुढच्याच वर्षी. या सोसायटीत साहेब लोक होते तसे आपलेही होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः कॅमेरा चालवत. १८५६ ते १८५८ या काळात मुंबईच्या हौशी छायाचित्रकारांच्या फोटोंचा एक आल्बम अंकाअंकानं निघत असे. त्या काळी एक फोटो म्हणजे काचेचं तावदान, त्यावर ओली रसायनं, अंधाऱ्या तंबूतली धावपळ. एवढा खटाटोप केलेल्या माणसाला ‘तुमचं क्षितिज जरा तिरपं आलंय हो’ असं सांगायची छाती कुणाची झाली असेल का, असं मला राहून राहून वाटतं.

माझा स्वतःचा पहिला टीकाकार म्हणजे आमच्या पेठेतला स्टुडिओवाला. वडिलांकडं आग्फाचा क्लिक-थ्री होता. चौकोनी डबा, एका रोलमध्ये बारा फोटो. मी चौदा वर्षांची असताना पहिल्यांदा माझ्या हाती पूर्ण रोल आला. आठ दिवसांनी पाकीट आणायला गेले तर पाकिटात सातच फोटो. बाकीचे पाच कुठंत? तो मान वर न करता म्हणाला, “धुतले नाहीत. कशाला पैसे घालवताय?” एवढंच समीक्षण. कारण नाही, सल्ला नाही. निगेटिव्ह उजेडात धरून मीच शोधून काढलं की एकात आजीचं डोकं कापलंय, दोनात हात हललाय, आणि दोनात मी सूर्याकडंच तोंड केलं होतं. चूक शोधायची सवय लाल पेनाच्याही आधीची आहे, हे मला हे लिहिताना लक्षात येतंय.

आता त्या रविवारविषयी.

२०२२ सालचा जुलै. बाहेर पाऊस, दवाखान्यात ओल्या छत्र्यांचा वास. विषय होता ‘हात’. दोरीवर आठ फोटो. कुंभाराचे हात होते, मेंदीचे होते, डॉक्टरांनी स्वतःच्या मोज्यातल्या हातांचा काढला होता. सातवा फोटो मोबाइलवर काढलेला. एका म्हाताऱ्या बाईचे हात, हातांपुढं सूप, सुपात तांदूळ. चेहरा फोटोत नव्हता. डाव्या बाजूला खिडकी, मागं गॅसचं सिलिंडर.

माझी पाळी पहिली होती. मी उठले आणि शाळेत फळ्यापाशी जाते तशी दोरीपाशी गेले. म्हटलं, “तीन गोष्टी. एक, फोटो तिरपा आहे, सूप घसरून खाली पडेल असं वाटतं. दोन, खिडकी पांढरीफटक झालीय, तिथला तपशील सगळा उडालाय आणि डोळा हात सोडून तिकडंच धावतो. तीन, मागचं सिलिंडर. फोटो काढण्यापूर्वी चारी कडा एकदा बघून घ्यायची सवय लावली पाहिजे.” कोपऱ्यातून मामा म्हणाले, “बाई, जरा बोटं बघा.” मी म्हटलं, “मामा, तुमची पाळी येऊ दे.” सगळे हसले. डॉक्टरांनी माझ्या खिडकीच्या मुद्द्याला दुजोरा दिला, दुकानदारांनी सिलिंडरला. मामांची पाळी येईपर्यंत चहा आला आणि ते राहूनच गेलं.

वहिनींचे कान लाल झाले नाहीत. त्या हसल्या. जाताना फोटो चिमट्यातून काढून घ्यायचा मात्र विसरल्या. मी तो माझ्या पिशवीत ठेवला, पुढच्या महिन्यात देऊ म्हणून.

पुढच्या महिन्यात त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. मग गणपती, नवरात्र, दिवाळी. डबेवाल्या बाईला दिवाळीत कुठली सवड, असं आम्ही एकमेकांना समजावलं. खरं तर सवड त्यांना आधीही नव्हतीच आणि तरीही त्या येत होत्या. हे कुणी बोललं नाही. मीही नाही.

०००

माझ्या वाट्याचं मला जानेवारीत मिळालं. विषय ‘पाणी’. साताऱ्याजवळ लिंबला बारा मोटेची विहीर आहे. विहीर कसली, पाण्यावर बांधलेला वाडाच तो. खाली उतरत जायच्या पायऱ्या, कमान, वर दरबारासारखी बसायची जागा, आणि तळाशी हिरवंगार पाणी. मी तीन रविवार तिथं गेले. पहाटे साडेचारला उठून, भाच्याच्या स्कूटरवर मागं बसून, मांडीवर तिपाई आडवी धरून. पहिल्या रविवारी धुकं, दुसऱ्या रविवारी कॉलेजची मुलं सेल्फी काढायला आलेली. तिसऱ्या रविवारी सगळं जमून आलं. पाणी आरशासारखं स्थिर, कमानीचं प्रतिबिंब पूर्ण गोल, अंधारा भाग उजळ भागाला हवा तेवढाच. कडा चारही तपासल्या. क्षितिज नव्हतंच, पण असतं तर ते सरळ असतं.

दोरीवर तो फोटो लागला तेव्हा दवाखान्यात “वा!” असा आवाज आला. डॉक्टर म्हणाले, “बाई, हा सलोनला पाठवा.” इंजिनिअरिंगवाल्यानं भिंग लावल्यासारखा जवळ जाऊन बघितला. मी मनातल्या मनात पेढे किती आणायचे त्याचा हिशेब सुरू केला. मग मामांची पाळी आली.

मामांची बघायची पद्धत वेगळी आहे. दिवसभर डोळ्याला भिंग लावून घड्याळाची चाकं बघणारा माणूस. आधी फोटो लांबून बघतात, मग डोळे बारीक करून, मग चिमटा काढून तो उलटा टांगतात. उलटा फोटो बघितला की त्यातली विहीर, झाड, माणूस हे डोक्यातून जातं आणि नुसता उजेड-अंधार उरतो, तोल कुठं ढळलाय ते कळतं. त्यांच्याकडं काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे आहेत. फोटोवर ते पुढं-मागं सरकवून कुठली बाजू कापली तर काय होईल ते बघायचं, ही जुन्या डार्करूमवाल्यांची युक्ती. त्या दिवशी त्यांनी पुठ्ठे काढलेच नाहीत. बराच वेळ बघून म्हणाले, “बाई, यात चूक नाही. पण हा फोटो मी आधी बघितलाय.”

नियम मोडून मी बोलले. “कुठं? मी तर कुणालाच दाखवला नव्हता.”

“तसं नव्हं,” मामा म्हणाले. “कॅलेंडरवर बघितलाय. पर्यटनाच्या बोर्डावर बघितलाय. माझ्या पुतण्यानं काढलेला बघितलाय. तुमचा सगळ्यांत चांगला हाय. पण तोच हाय.”

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायला विसरले. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, एका फोटोवरून! मनात मामांशी भांडत होते. तीन रविवार! पहाटे साडेचार! पुतण्याचा म्हणे! आणि मग हळूहळू, भात करपल्याचा वास येईपर्यंत, एक गोष्ट लक्षात यायला लागली. लिंबला जाण्यापूर्वी मी इतरांनी काढलेले त्या विहिरीचे पंचवीस-तीस फोटो बघून गेले होते. त्यांनी केलेल्या चुका मला टाळायच्या होत्या. त्या मी टाळल्या. मामांनी मला नापास केलं नव्हतं. पैकीच्या पैकी मार्क देऊन उत्तरपत्रिका कुणाची ते विचारलं होतं.

तो आठवडा वाईट गेला. पण त्यात एक दुसरी गोष्ट डोकं वर काढायला लागली. मला एवढं लागलं, तर त्या हसत गेलेल्या बाईला किती लागलं असेल? मी निदान दमलेली, नावाजलेली, ‘सलोनला पाठवा’ ऐकलेली होते. तिला तर कुणी एक शब्द दिला नव्हता.

पिशवीतला फोटो काढून टेबलावर ठेवला. सहा महिने तो माझ्याकडं होता आणि सहा महिन्यांत मी तो पुन्हा बघितला नव्हता. मामांनी सांगितलेली बोटं आता बघितली. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये एक बारीक काळा खडा धरलेला होता. डाव्या हाताची चारही बोटं तांदळात पसरलेली. बोटं बघणाऱ्या माणसाची नव्हती. शोधणाऱ्या माणसाची होती.

०००

वहिनींकडं गेले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, म्हणजे त्यांची दोन डब्यांमधली वेळ. “या, बसा की बाई,” म्हणाल्या, आणि जसं काही झालंच नव्हतं असं चहाचं आधण ठेवलं. खिडकी, सिलिंडर, सगळं फोटोतलं जागच्या जागी होतं. खिडकीशी त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या, पुढ्यात सूप. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेत, वहिनींनी सांगितलं. आठ वर्षं झाली. पण डब्याचे तांदूळ त्याच निवडतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. डोळसांच्या हातून खडा राहतो, यांच्या हातून राहत नाही.

“फोटो काढताना त्यांना सांगितलं होतंत?” मी विचारलं.

सासूबाईच बोलल्या. “मला कळतंय की. ती काम करता करता थांबली की भांड्यांचा आवाज थांबतोय.”

फोटो तिरपा का, तेही कळलं. वहिनींच्या एका हातात उलथनं होतं. आमटीला फोडणी घातलेली होती.

मी फोटो पुढं केला आणि माझं जे काय म्हणायचं होतं ते म्हटलं. शाळेत मुलांची माफी मागायची सवय नसते, त्यामुळं ते फार नीट जमलं नसावं. वहिनी म्हणाल्या, “नाही हो बाई. चुकलं कुठं ते सांगितलंत ते बरोबरच होतं. खिडकीला आता अर्धा पडदा ओढते मी, लगेच फरक पडतो. त्याचं काही नाही वाटलं.” मग थोडं थांबून, चहा गाळता गाळता त्या म्हणाल्या, “एवढंच वाटलं, की फोटो कुणी बघितलाच नाही.”

मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत? तर म्हणाल्या, “ज्याचा फोटो त्यानं बोलायचं नाही ना. तुमचाच नियम.”

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगते. मी दाखवलेले तिन्ही दोष खरे होते. आजही मी त्यातला एकही मागं घेत नाही. आंधळ्या सासूबाईंची हकीकत कळली म्हणून तिरपा फोटो सरळ होत नाही, आणि हकीकत सांगितल्याशिवाय जो फोटो उभा राहत नाही त्याच्यात काहीतरी कमी असतं हेही खरं. पण हकीकत फोटोत होती. त्या खड्यात होती. ती दिसायला पाच मिनिटं गप्प बसावं लागलं असतं, आणि मी गप्प बसायच्या आत उठून फळ्यापाशी गेले होते.

फेब्रुवारीच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. मामा काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. त्यावर बरीच चर्चा झाली, म्हणजे भांडणच. डॉक्टरांचं म्हणणं, गोड गोड बोलायचं असेल तर नातेवाइकांना फोटो पाठवावेत, इथं कशाला यायचं? ‘छान’, ‘अप्रतिम’, अंगठा, फुलं, हे दिवसभर मिळतंच. त्यांचंही खोटं नाही. ते सलोनला फोटो पाठवतात. तिथं फोटो घेतला की नाही एवढंच कळतं, का घेतला नाही हे कळत नाही. आमच्या त्या स्टुडिओवाल्यासारखंच, न धुतलेले पाच. तेव्हा कुणीतरी कारण सांगावं म्हणून तर ते आमच्यात येतात.

माझी एक भाची पुण्यात नृत्य शिकते. तिच्याकडून मला कळलं की या दुखण्यावर नाचणाऱ्यांनी आधीच औषध शोधलंय. लिझ लर्मन नावाच्या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेनं १९९०च्या सुमारास टीका करायची एक पद्धत बसवली. तिच्या चार पायऱ्या आहेत. आधी बघणाऱ्यांनी फक्त सांगायचं की त्यांना काय दिसलं, काय भिडलं, काय लक्षात राहिलं. मग ज्याची कलाकृती त्यानं प्रश्न विचारायचे. मग बघणाऱ्यांनी विचारायचे, पण प्रश्नाच्या पोटात मत लपवायचं नाही. आणि शेवटी मत, तेही ‘अमुक गोष्टीबद्दल माझं एक मत आहे, सांगू का?’ असं विचारून.

ऐकायला सोपं वाटतं. तिसरी पायरी करून बघा. ‘खिडकी अशी पांढरीफटक का ठेवलीत?’ हा प्रश्न नाही, शेपटीला प्रश्नचिन्ह बांधलेला लाल शेरा आहे. ‘उजेडाचं तुमच्या मनात काय होतं?’ हा प्रश्न. हा फरक समजायला मला, एका शिक्षिकेला, तीन महिने लागले. चारही पायऱ्या पाळल्या तर आठ फोटोंना रात्रीचे नऊ वाजतात आणि डॉक्टरांचे खरे पेशंट दार वाजवायला लागतात. म्हणून आम्ही पहिली पायरी घट्ट धरली. पहिली फेरी नुसती ‘काय दिसतं’ याची. दुसऱ्या फेरीच्या आधी मालकाला एक प्रश्न विचारायची मुभा. मग काय ती धुलाई. कंडक्टर काकांना पहिली फेरी फार जमते. इतकी वर्षं गाडीत कोण कुठं बसलंय हे न मोजता ओळखणारा माणूस! फोटोत मागं उभं असलेलं कुत्रं, दारामागची चप्पल, सगळं त्यांना आधी दिसतं.

धुलाई कमी झाली असं मात्र समजू नका. फोटो कापावा की नाही यावर तर मामा आणि डॉक्टर यांचं कायमचं वाकडं आहे. डॉक्टर फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँचे भक्त. त्यांचा आवडता दाखला म्हणजे ब्रेसाँला फोटो कापलेला खपत नसे. कॅमेऱ्यात जे बघितलं ते पूर्ण छापायचं. एका रविवारी इंजिनिअरिंगवाल्यानं हळूच काडी टाकली. पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनच्या मागं डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा जो १९३२ सालचा जगप्रसिद्ध फोटो आहे, तो ब्रेसाँनं कुंपणाच्या फळ्यांच्या फटीतून काढला होता, कडेला फळी आली होती आणि तो भाग कापूनच फोटो छापला आहे. मामांनी त्या दिवशी स्वतःच्या खर्चानं पेढे आणवले.

दुकानदार वहिनींचं म्हणणं वेगळंच. एकदा काढला तो काढला, मग त्याच्यावर एवढं काय बोलायचं? त्यांना मी अॅन्सेल अॅडम्सची गोष्ट सांगितली. या अमेरिकन छायाचित्रकारानं १९४१ साली न्यू मेक्सिकोत, हर्नांडेझ नावाच्या खेड्यावर चंद्र उगवताना एक फोटो काढला. सूर्य मावळत होता, क्रूसांवरचा उजेड जायच्या बेतात होता, उजेड मोजायचं यंत्र सापडेना. चंद्राची तेजस्विता किती ते त्याला पाठ होतं, त्यावरून हिशेब करून त्यानं बटण दाबलं. दुसरा फोटो घ्यायच्या आत उजेड गेला. एवढा थोर फोटो, पण अॅडम्सचं समाधान नाही. १९४८ साली त्यानं निगेटिव्हच्या खालच्या भागावर पुन्हा रसायनांची प्रक्रिया केली, आणि पुढं कित्येक वर्षं प्रिंट काढताना तो आकाश काळं करत गेला. एकाच निगेटिव्हचे सुरुवातीचे आणि नंतरचे प्रिंट शेजारी ठेवले तर आकाश निराळंच दिसतं. दुकानदार वहिनी म्हणाल्या, “त्याला दुसरं काही काम नव्हतं का?”

डबेवाल्या वहिनी मार्चपासून पुन्हा यायला लागल्या. माझ्या जाण्यामुळं म्हणावं तर तसं नाही. मार्चचा विषय ‘वाफ’ होता, आणि ‘वाफ म्हटल्यावर तुम्ही काय काढणार हो?’ म्हणाल्या. त्या आता आमच्यातल्या सगळ्यांत बारीक नजरेच्या झाल्यात. मोबाइल तोच आहे. मामांचे पुठ्ठेही बऱ्याचदा त्यांच्याच हातात असतात.

गेल्या पावसाळ्यात विषय निघाला ‘वाट बघणं’. मी फार लांब गेले नाही. आमच्या जिन्याखाली एक मांजर राहतं. सकाळी सहाला दूधवाला यायच्या आधी ते गॅलरीच्या दाराशी येऊन बसतं, कान टवकारून. त्या मांजराचा फोटो काढला. तिपाई लावली नाही, फोकस कानावर आहे, डोळ्यावर नाही. गॅलरीत डाव्या बाजूला एक लाकडी स्टूल आहे, ते फोटोत अर्धं आलं. चारी कडा मी तपासल्या होत्या. स्टूल मला दिसलं होतं.

त्या स्टुलावर आमचे हे बसत. पेपर वाचायला, सकाळी. २०२१पासून ते रिकामं आहे. मी हलवलेलं नाही, त्यामागं काही फार विचार आहे असंही नाही, धूळ पुसते एवढंच.

पहिल्या फेरीत कंडक्टर काका म्हणाले, मांजर, दार, ओली फरशी, स्टूल. डॉक्टर म्हणाले, पहाटेचा निळा उजेड छान आलाय. दुसऱ्या फेरीआधी मला एक प्रश्न विचारायची मुभा होती. मी विचारला नाही. मग डबेवाल्या वहिनी उठल्या. पुठ्ठे घेतले आणि डाव्या बाजूनं हळूहळू आत सरकवत आणले. स्टुलाचा पाय गेला, बैठक गेली. “सांगू का बाई?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली. “हे स्टूल नको. नजर तिकडं उगीच जाते. मांजर आणि दार, बास.”

सगळ्यांनी बघितलं. मामा मुद्दाम उठून जवळ आले. खरंच, एकदम मोकळा झाला फोटो. मांजराच्या कानांतला ताण आधी दिसत नव्हता तो आता दिसायला लागला. डॉक्टर कधी नव्हे ते म्हणाले की कापा. मी नियमाप्रमाणं गप्प होते. आणि बघत होते, की बाई म्हणतायत ते बरोबर आहे.

घरी येऊन दोन प्रिंट काढायला दिले, एक कापलेला, एक तसाच. दोन्ही महिनाभर जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी पडून होते. येणाराजाणारा कापलेल्या फोटोवरच बोट ठेवायचा. मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनासाठी, म्हणजे दवाखान्याच्या भिंतीवर वर्षभर लावायच्या नऊ फोटोंसाठी, मी तोच दिला. तो आता डॉक्टरांच्या वजनकाट्याच्या वर आहे. पेशंट बायका ‘मांजर गोड आहे’ म्हणतात.

दुसरा अजून टेबलावरच आहे. मामा एकदा घड्याळाचा सेल बदलून द्यायला आले होते तेव्हा त्यांना दिसला. बराच वेळ बघत उभे राहिले. मला वाटलं, आता उलटा धरतील. पण म्हणाले, “दूधवाला आला का हो हल्ली वेळेवर?” आणि चहा घेऊन गेले.